देवाच्या रानातलं शून्य

मशीन तिसऱ्यांदा बसलं, तेव्हा निसळसाहेब खुर्चीतून उठलेसुद्धा नाहीत. पानाचा तोबरा एका गालातून दुसऱ्या गालात सरकला, एवढीच काय ती हालचाल. समोरच्या फळीवरचे दिवे लुकलुकायचे थांबून जागच्या जागी थिजले होते. टेलिप्रिंटर अर्ध्या ओळीतच जीभ चावल्यासारखा गप्प झाला होता. आणि भोकं पाडलेल्या कागदी टेपचं भेंडोळं हातात धरून दमयंती जोर्वेकर उभी होती, चोरी पकडली गेल्यासारखी.

“झालं समाधान?” निसळ म्हणाले. “मशीन बसवण्याची कला तुम्हाला छान साधलीय हं, जोर्वेकरबाई. पुण्याला एम.एस्सी.त हेच शिकवतात वाटतं.”

खोलीतले बाकीचे दोघे कार्डांच्या गठ्ठ्यात डोकं खुपसून बसले. निसळ बोलायला लागले की त्या खोलीत कुणाला मान नसायची.

नागापूरच्या औद्योगिक वसाहतीत, एका लेथ कारखान्याच्या भिंतीला भिंत लावून, जिल्ह्यातल्या काही साखर कारखान्यांनी मिळून हे गणना केंद्र उभारलं होतं. पलीकडे लोखंड किंचाळायचं आणि अलीकडे, थंड हवा सोडणाऱ्या खोलीत, हे नवं कोरं मशीन देवासारखं बसलेलं असायचं. चपला बाहेर काढूनच आत यायचं. त्या देवाचे पुजारी म्हणजे शामकांत निसळ. मशीनच्या पोटातली अगदी मुळाशी असलेली रूटीनं, ज्यांच्या जिवावर बाकी सगळे प्रोग्राम चालायचे, ती सगळी त्यांनी एकहाती लिहिली होती. हे ते दिवसातून एकदा तरी ऐकवत. माणूस हुशार होता, यात दमयंतीलाही शंका नव्हती. पण काही माणसांची हुशारी म्हणजे दारात बांधलेलं कुत्रं असतं. राखण कमी आणि चावणं जास्त.

दुष्काळ नुकताच सरला होता. त्र्याहत्तरच्या पावसानं कसाबसा हात दिला होता, उभा ऊस थोडाच होता, आणि कुणाचा ऊस आधी तुटणार यावरून गावोगाव धुसफूस चालली होती. त्यावर उपाय म्हणून कारखान्याचे अध्यक्ष आप्पासाहेब कडलग भर सभेत छातीवर हात मारून बोलून बसले होते, की यंदा तोडीचा कार्यक्रम मशीन लावील, वशिला चालणार नाही. तो कार्यक्रम लावणारा प्रोग्राम दमयंतीचा. गेल्या साली पुण्याच्या एका मोठ्या मशीनवर भाड्याने वेळ घेऊन तो एकदा चालवून झाला होता. तिथे तो बिनबोभाट चालला. इथे आणल्यावर तीनदा बसला. हंगाम तोंडावर होता, कारखान्याच्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकायचा मुहूर्त ठरला होता, आणि दमयंतीची नोकरीतल्या उमेदवारीची मुदत त्याच सुमारास संपत होती. तिला कायम करायचं की घरी पाठवायचं, ते निसळांच्या शिफारशीवर होतं.

“प्रत्येक वेळी एकाच जागी बसतंय,” ती म्हणाली. “सोनगिरवाडीपाशी. भैरवनाथ देवस्थानाच्या कार्डावर.”

“मग नारळ फोडा.”

कार्डांतले दोघे खुसूखुसू हसले.

नारळ न फोडता दमयंतीने दोन दिवस कागदावर मशीनच्या पावलापावलाने चालून पाहिलं आणि तिला काय ते सापडलं. गोष्ट अशी होती. प्रत्येक सभासदाच्या कार्डावर त्याच्या उसाचे गट किती, तो आकडा असे. तेवढ्या गटांची माहिती एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी मांडायची. हे उचलून ठेवायचं काम निसळांचं एक चिमुकलं रूटीन करायचं. त्याला तीन गोष्टी सांगायच्या: कुठून उचलायचं, कुठे ठेवायचं आणि किती. आता भैरवनाथाच्या कार्डावर गटांचा आकडा होता शून्य, कारण देवाचं रान कधी मोजलंच गेलं नव्हतं.

पुण्याचं मशीन आधी मोजायचं आणि मग उचलायचं. शून्य दिसलं की ते हात झटकून पुढे जायचं. नागापूरचं मशीन आधी उचलायचं, ठेवायचं, आणि मग आकड्यातून एक वजा करून पाहायचं, की संपलं का. शून्यातून एक वजा झाला की या मशीनच्या लेखी तो भलामोठा आकडा व्हायचा. मग काय, ते उचलत सुटायचं. मेमरीतलं सगळं तुडवत, सभासद, गावं, ऊसतोडीच्या टोळ्या, शेवटी खुद्द ते रूटीनसुद्धा पायाखाली घेत, आणि स्वतःच्याच पायात अडकून पडायचं. पाहुण्याला “किती वाढू” विचारल्यावर त्याने “काही नको” म्हणावं, आणि वाढप्याने अख्खं पातेलं ताटात उपडं करावं, तसला प्रकार.

तिने हे सगळं निसळांपुढे मांडलं. ते ऐकत होते. ऐकताना त्यांच्या चेहऱ्यावर आश्चर्य अजिबात उमटलं नाही, हे तिच्या लक्षात आलं. पण त्याचा अर्थ तिला तेव्हा लागला नाही.

“म्हणून म्हणते, साहेब, रूटीनच्या तोंडाशीच तपासणी घालू या. शून्य आलं, काही न करता परत. ऋण आलं, परत. जागा आहे त्याहून जास्त मागितलं, तरी परत. आणि परत येताना खूण करायची, काय चुकलं त्याची.”

“तोंडाशी तपासणी.” निसळांनी पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. “माझं रूटीन म्हणजे जकात नाका वाटला का तुम्हाला? प्रत्येक गाडी थांबवा, पोती उघडा, खाली काय आहे बघा?”

“थोडीच जागा जाईल.”

“आठ हजार शब्दांची अख्खी मेमरी आपली. थोडी इथे, थोडी तिथे. उद्या मशीन नुसतं तपासतच बसेल. काम कोण करणार, तुमचे वडील?”

दमयंतीचे वडील संगमनेरला शाळामास्तर होते. त्यांना मधे आणायचं काही कारण नव्हतं.

“रूटीनला कामासाठी हाक मारणाऱ्याने नीट आकडा द्यावा,” निसळ पुढे म्हणाले. “न देईल त्याने भोगावं. साधा नियम आहे.”

“हाक मारणारे आपण चौघं आहोत. प्रोग्राम ढीगभर. एक जण एकदा विसरला की—”

“विसराळू माणसाने घरी बसावं. पोळ्या लाटताना विसरलं तर फार तर एखादी करपते.”

पलीकडून लेथचा कर्कश आवाज आला आणि थांबला. दमयंतीला वाटलं, आपणही असंच एकदा किंचाळावं. पण ती म्हणाली, “मग करायचं काय?”

“दोन वाटा. एक तर देवाच्या कार्डावर शून्याचा एक करा आणि मोकळ्या व्हा. नाही तर लिहून द्या, की प्रोग्रामात दोष माझा आहे, त्यापायी तोडीचा कार्यक्रम अडला. सोमवारी समिती येतेय. आप्पासाहेबांपुढे ठेवतो. तुमच्या सहीचं असलेलं बरं.”

लिहून दिलं की नोकरी गेली, हे दोघांनाही ठाऊक होतं.

राहिली पहिली वाट. आता न मोजलेल्या रानाला एक गट लिहायचा म्हणजे खोटंच, पण बारीकसं खोटं. गावाला विचारून केलं तर तेवढं टोचणार नाही, असा विचार करून रविवारी सकाळच्या एस.टी.ने ती सोनगिरवाडीला गेली. गावात सप्ताहाची सांगता होती. मांडव घातला होता, काल्याच्या कीर्तनाची तयारी चालली होती, आणि देवाचं रान राखणारी कडूबाई देवळामागे चुलाणावर ठेवलेल्या भाताच्या कढईला उलथन्याने ढोसत होती. बाई ठेंगणी, काळी, आणि बोलायला अशी की समोरच्याने कानात कापूस घालून यावं.

दमयंतीने विषय काढला. एक गट लिहिला तर चालेल का.

“कुनी पाठवलं तुला?” कडूबाईने उलथनं थांबवलं नाही.

“कुणी नाही. मीच आले.”

“देवाच्या रानात मोजनीची साखळी पडत न्हाई. माज्या सासऱ्याच्या सासऱ्यानं पडू दिली न्हाई. इंग्रजाचा मोजनीदार आल्ता, त्याला बांधावरनं माघारी धाडला. मोजलं का ते सरतं. उसाची नोंद करनाऱ्या छगन चिटबॉयला ठावं हाय, म्हनून त्यो गपगुमान शून्य लिवतो. अन् तू कोन?”

“मी मशीनवरची.”

“अगं बया.” कडूबाईने तिला नखशिखांत पाहिलं. “त्या मशीनला देव खपत न्हाई व्हय?”

“तसं नाही, मावशी. त्याला शून्य खपत नाही.”

“मंग मशीन बदला. देव कशापायी बदलायचा?”

आजूबाजूच्या बाया हसल्या. हसण्यात माया नव्हती. एकीने पुस्ती जोडली, की देवाचं नाव वगळून कार्यक्रम काढलात तर बघाच. या गावात पहिली मोळी देवाच्या रानातली तुटते, मग बाकीच्यांच्या उसाला कोयता लागतो. देवाची पाळी लागली नाही तर गावात टोळी शिरणार नाही. टोळी शिरली नाही तर कारखान्याची गव्हाण निम्मी रिकामी. हे सांगताना ती धमकी देत नव्हती, उद्या सूर्य उगवेल असं सांगावं तसं सांगत होती.

तर झालं असं, की दोन वाटांपैकी एक बंद झाली.

परतीची बस दुपारनंतर होती. दमयंती मांडवाच्या कडेला, बायांच्या मागे बसली. खरं तर तिच्या डोक्यात कीर्तन नव्हतंच. सोमवारचा कागद होता. पण कीर्तनाचं एक आहे. तुम्ही ऐका न ऐका, मृदंगाची पहिली थाप आधी छातीत पडते आणि मग कानात. टाळकरी मागे उभे राहिले, वीणा गळ्यात घेऊन नृसिंहबुवा पुढे आले, विठ्ठल विठ्ठल झालं, आणि त्या कोरड्या, वैतागलेल्या मुलीच्या खांद्यावरचा ताण तिला न विचारताच थोडा उतरला. संगमनेरला लहानपणी वडिलांच्या मांडीवर बसून ऐकलेली कीर्तनं तिच्या अंगात कुठेतरी मुरलेली होती. मुरलेलं जात नाही. वरून धूळ बसते एवढंच.

बुवा काल्याचं बोलत होते. गोपाळ, शिदोऱ्या, दही. बोलता बोलता कंसावर आले.

“कंसाला कृष्ण कुठं दिसत हुता?” बुवांनी विचारलं. “जेवताना ताटात. निजताना आढ्याला. अरे, आमी माळकरी. आमाला घटकाभर देव आठवत न्हाई, तर याला घटकाभर इसरत न्हाई. का? तर वैर. ते वैकुंठाच्या दारावरचे दोन राखनदार, जय अन् विजय. दार राखायचं काम चोख केलं, सनकादिकांना अडवलं, अन् शाप खाल्ला. देव म्हनाला, सात जन्म भक्त व्हा नाहीतर तीन जन्म वैरी. काय मागितलं त्यांनी? वैर मागितलं. लवकर घरी यायचं हुतं ना.”

टाळ वाजले. बुवांनी हात वर केला, टाळ थांबले.

“भक्त देवाचे गुन मोजतो. वैरी देवाच्या घराच्या भिंती चाचपतो. कुठली कडी ढिली हाय, कुठल्या खिडकीला गज न्हाई, ते भक्ताला कधी कळायचं न्हाई. भक्त समोरच्या दारात हात जोडून हुबा. कडी ठाऊक असती वैऱ्याला.”

दमयंती ताठ बसली. बुवा पुढे कुठल्या कुठे गेले, दहीहंडी फुटली, पोरांनी गोंधळ घातला, कडूबाईने येऊन काही न बोलता तिच्या हातावर काल्याचा गोळा आपटला. पण तिच्या डोळ्यांपुढे एकच चेहरा होता. ती शून्याचं सांगत असताना निसळांच्या चेहऱ्यावर आश्चर्य उमटलं नव्हतं.

सोमवारी आप्पासाहेब आले ते आधीच तापलेले. चपला दारात काढाव्या लागल्या, त्याने आणखी तापले. पांढरं धोतर, कोट, हातात छत्री. बरोबरचे दोन संचालक भिंतीला टेकून उभे राहिले आणि शेवटपर्यंत तसेच राहिले.

“मी सभेत सांगून बसलोय, मशीन पाळी लावनार. लोक मला रस्त्यात विचारत्यात, आप्पासाहेब, मशीन कुठवर आलं? का पोटुशी हाय?” त्यांनी खुर्चीत अंग टाकलं. “बोला निसळ. कुनाचं चुकलं?”

निसळांनी कागद पुढे केला. “जोर्वेकरबाई सही करतील. प्रोग्राम त्यांचा आहे. चुकीचा आकडा आत सोडला गेला.”

“करता सही?”

दमयंतीने कागदावर नजर टाकली. “करते,” ती म्हणाली. “पण आधी एक दाखवते. मग तुम्ही सांगाल तर करते.”

“हे आधी ठरलं नव्हतं,” निसळ म्हणाले.

“ठरलं नव्हतं तर ऱ्हाऊ दे. दाखवा, बाई. बिगीनं.”

तिने टेप काढली. निसळांचं मूळ रूटीन तिने खोडलं नव्हतं. शेजारी त्याची एक प्रत रातोरात केली होती, आणि तिच्या तोंडाशी तपासणी घातली होती. हे सांगताना तिने आवाज खाली पडू दिला नाही. आप्पासाहेबांना तिने जकात नाक्याचंच उदाहरण दिलं, कारण तेच हाताशी होतं.

“म्हंजी कसंबी आलं तरी मशीन बसायचं न्हाई?”

“असं मला वाटतं. पण माझ्यावर विसंबू नका. आकडे मी देणार नाही.” ती निसळांकडे वळली. “साहेबांनी द्यावेत. हवे तसे वाकडे.”

निसळांनी तिच्याकडे असं पाहिलं, जसं मांजर आपण होऊन दाराशी आलेल्या उंदराकडे पाहतं. “नंतर रडायचं नाही.”

“नाही.”

ते टेलिप्रिंटरपुढे बसले. बाह्या वर सारल्या. पहिलं शून्य दिलं. मशीनने नकाराची खूण छापली आणि शांतपणे पुढचा आकडा मागितला. ऋण दिला. नकार. मेमरीत मावणार नाही एवढा मोठा दिला. नकार. आप्पासाहेब छत्रीच्या मुठीवर हनुवटी टेकून बघत होते. त्यांना त्यातलं काही कळत नव्हतं, पण कुस्ती त्यांना कळत होती. पहिलवानाचे तीन डाव वाया गेलेत, एवढं त्यांना दिसलं.

“बरं आहे,” निसळ म्हणाले. “दाराला कडी छान लावलीत. ‘किती’ ते तपासलंत. ‘कुठे’ ते तपासलंत का?”

दमयंतीने आपल्या कागदांवरून नजर फिरवली. ते तिने तपासलं नव्हतं.

“समजा, उचललेलं ठेवायची जागा म्हणून मी या रूटीनची स्वतःचीच जागा दिली. आकडा कसा, अगदी सरळ. दहा. तुमचा नाका म्हणेल, दहा ना, या या, साहेब.” त्यांची बोटं कळांवर सराईतपणे पडली. “आणि मग नाक्यावरचा शिपाईच गाडीखाली.”

दिवे थिजले. टेलिप्रिंटर गप्प झाला. मशीन चौथ्यांदा बसलं.

निसळ खुर्चीसकट वळले. असा आनंद त्यांच्या तोंडावर तिने कधी पाहिला नव्हता. “काय, जोर्वेकरबाई? जकात वसूल?”

भिंतीला टेकलेल्या संचालकांपैकी एकाने उसासा टाकला. आप्पासाहेबांनी कागदाकडे हात नेला. दमयंतीला संगमनेरचं घर दिसलं, वडिलांचा काही न विचारणारा चेहरा दिसला. पण त्याच वेळी कुठेतरी मृदंगाची थापही पडली. तिला हवं होतं ते झालं होतं. फक्त ते होताना एवढं लागेल, असं वाटलं नव्हतं.

“साहेब,” ती म्हणाली, “ही फट तुम्हाला कधीपासून ठाऊक होती?”

“कधीपासून म्हणजे? पहिल्या दिवसापासून. मी लिहिलंय ते.”

“आणि शून्याची?”

“अर्थात. या मशीनची मोजायची रीतच तशी आहे. ज्याला यंत्र कळतं त्याला ते कळतं.” निसळ हसले. “तुम्हाला तीन वेळा आपटल्यावर कळलं.”

आप्पासाहेबांचा हात कागदावर पोचायच्या आधी थांबला होता.

“थांबा जरा,” ते म्हणाले. “तीनदा मशीन बसलं. तीनदा तुमी या खुर्चीत हुता?”

“होतो.”

“अन् तुमाला ठाव हुतं, का शून्यानं बसतंय.”

“ठाऊक असणं हे माझं काम आहे.”

“अन् सांगनं?”

निसळांचा चेहरा हळूहळू बदलला. जिंकलेला माणूस मागे वळून पाहतो आणि आपण कुठल्या दारातून आत आलो ते त्याला कळतं, तसा. “मला कुणी विचारलं नाही,” ते म्हणाले.

“गवंड्यानं घर बांधलं,” आप्पासाहेब सावकाश म्हणाले. “भिंतीत भोक ठेवलं. घरात साप शिरला. मालकीन वरडतीया, अन् गवंडी म्हनतो, मला तर पायापासनं ठाव हाय, कुनी इचारलंच न्हाई. असल्या गवंड्याला आमच्याकडं काय म्हनत्यात सांगू का? नको. बाई हैत हितं.”

“आप्पासाहेब, तपासणी घातली की वेग—”

“वेग मरू द्या. मशीन गेला पंधरवडा बसूनच हाय. त्याचा वेग किती पडला?”

कार्डांतल्या दोघांनी पहिल्यांदाच मान वर करून पाहिलं, आणि लगेच खाली घातली.

आप्पासाहेबांनी तो कागद उचलला, घडी केली, आणि पुन्हा निसळांच्याच टेबलावर ठेवला. मग ते दमयंतीकडे वळले, आणि तिथेही त्यांचा आवाज काही मऊ झाला नाही. “तुमी लई मिरवू नका, बाई. तुमच्या घराचीबी एक खिडकी उघडीच निघाली. बरं झालं, या मानसानं ढकलली. दुसऱ्या कुनी ढकलली असती तर?”

“म्हणूनच त्यांना ढकलायला लावली,” दमयंती म्हणाली.

आप्पासाहेबांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग छत्री टेकत उठले. “निसळ, जेवढी भोकं तुमाला ठावं हैत तेवढी सांगा. त्या बुजवतील. मोळी पडायच्या आत. आन् त्यांना कायम करायचा कागद माज्याकडं येऊ द्या, तुमच्या सहीनं. न्हाई आला तर मग तुमाला काय काय ठावं हाय, ते मी सभेत इचारीन.”

ते गेले. दारात त्यांना चपला घालायला वेळ लागला.

मग निसळांनी पानाचा डबा उघडला, बंद केला, पान खाल्लं नाही. “या,” ते म्हणाले. “बसा. पेन्सिल घ्या.”

दमयंती समोर बसली. इतक्या दिवसांत त्यांनी तिला बसा म्हटलं नव्हतं, आणि आता म्हटलं तेही शिवी दिल्यासारखं.

“लिहा. ‘कुठे’ ही जागा रूटीनच्या स्वतःच्या हद्दीत आली तर परत. ‘कुठून’ आणि ‘कुठे’ एकमेकांवर आली, तर उलट्या बाजूने उचला, नाहीतर पुढचं खाऊन टाकेल. हे तुमच्या स्वप्नातसुद्धा आलं नसतं.”

“नाही आलं.”

“येणारही नाही. टेप वाचताना भोक कागदाच्या धुळीने बुजलं तर आकडा अर्धाच येतो. तो सरळ दिसतो. तिथे बेरीज जुळवून बघा.”

त्या दुपारी ते सांगत राहिले आणि ती लिहीत राहिली. मधे कुणी चहा आणून ठेवला, तो साय धरून थंड झाला. निसळ एकदाही तिच्याकडे न बघता, भिंतीकडे बघून, एकेक फट दाखवत होते. ती मोजत गेली तसं तिच्या लक्षात आलं, की हा माणूस या मशीनवर जितका जीव लावून बसलाय तितका इथे कुणीच लावला नसेल. फक्त तो जीव लावणं असं होतं, की दुसऱ्या कुणाचा हात लागला की बोटं तोडावीत.

“हे मी तुमच्यासाठी सांगत नाही,” ते एकदम म्हणाले.

“माहीत आहे. पुढचं सांगा.”

कार्यक्रम निघाला. भैरवनाथ देवस्थानाच्या नावापुढे गटांची जागा कोरी राहिली, मशीनने नकाराची खूण छापली, त्या खुणेवरून तिच्या प्रोग्रामाने देवाला हाताने लावायच्या पाळीत टाकलं, आणि मशीन पुढच्या सभासदाकडे गेलं. छगन चिटबॉयने पाळी हाताने लावली, सगळ्यांत पहिली. मुहूर्ताला सोनगिरवाडीची गाडी आली तेव्हा वर कडूबाई बसलेली होती. दमयंती दिसताच तिने गाडीवरून ओरडून विचारलं, “काय गं, बसलं का पुन्यांदा तुजं मशीन?” आणि उत्तराची वाट न बघता बैलांवर ओरडली.

कायम करायचा कागद आप्पासाहेबांकडे जायच्या आदल्या दिवशी निसळांनी तो तिच्या टेबलावर टाकला. खाली त्यांची सही होती, आणि सहीच्या वर त्यांच्या बारीक, टोकदार अक्षरांत शेरा होता.

“वाचा,” ते म्हणाले. “पाठीमागून लिहिलं असं म्हणायला नको.”

शेरा एकच होता. कुणावरही विश्वास ठेवत नाहीत, प्रत्येक गोष्ट तपासून घेतात, वरिष्ठांचीही.

“बरोबर आहे,” दमयंती म्हणाली.

“वाईट शेरा आहे तो.”

“तरी बरोबर आहे.”

निसळ दारापर्यंत गेले. चपलांत पाय घालता घालता, वळून न बघता म्हणाले, “त्या बेरजेच्या तपासणीत अजून एक फट ठेवलीत तुम्ही.”

दमयंतीने पेन्सिल उचलली. “कुठली?”

“शोधा,” ते म्हणाले, आणि निघून गेले.

तिने मशीन चालू केलं, बेरजेच्या तपासणीची टेप लावली, आणि आपल्या वैऱ्याने कुठे बोट ठेवलं असेल ते शोधायला बसली.